चालायचे कोठे, डॉक्टरसाहेब?

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे परदेश प्रवासावर लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. परदेश प्रवास आता घरोघरचा झाला आहे. आपल्या मंडळातील अनेक सभासदांची मुले इंग्लंड-अमेरिकेत स्थिरावली आहेत. आयफेल टॉवरसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र नसलेला दिवाणखाना शोधूनच काढावा लागेल. त्यात आणखी एका प्रवासवर्णनाची भर कशाला? पण संपादक पिच्छा सोडेनात. अखेर मी एक अट घातली. लिहीन ते परदेशाबद्दल कमी आणि आपल्या डिंडोलीबद्दल अधिक. अट मान्य झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात दवाखान्यापासूनच करतो. प्लेगच्या भीतीने १९९४ साली सुरत रिकामी झाली आणि पुन्हा भरली, त्याच्या पुढच्या वर्षी मी डिंडोलीत दवाखाना थाटला. तेव्हा येथे शेते होती आणि शेतांच्या कडेला नव्या सोसायट्यांच्या पाट्या लागत होत्या. आज शेते शोधावी लागतात. या तीस वर्षांत मी जी औषधे लिहून दिली, त्यांत सर्वांत जास्त वेळा लिहिलेले औषध कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. 'रोज ४५ मिनिटे चालणे.' मधुमेह असो, रक्तदाब असो, सांधे असोत, झोप येत नसो. चिठ्ठीच्या तळाशी ही ओळ ठरलेली आणि तिच्याखाली दोन रेघा.

काही वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातून येथे आलेली एक भगिनी माझ्याकडे उपचारासाठी येत असे. वय ४६. नवरा लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीत, आणि ही दिवसभर घरात मांडी घालून साड्यांवर खडे आणि लेस लावणार. साखर २८०. तीन वेळा मी तिला ती ओळ लिहून दिली. चौथ्या वेळी तिने चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "चालायचं तर लिहिलं डॉक्टरसाहेब, चालायचं कोठे तेबी लिहून द्या." मी हसलो. कंपाउंडर हसला. ती हसली नाही. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या, रस्त्यावर टेम्पो आणि रिक्षा, पहाटे कुत्री, अंधार पडल्यावर एकट्या बाईने बाहेर पडायची चोरी. तिचा प्रश्न अगदी सरळ होता. मला उत्तर देता आले नाही. मी मेटफॉर्मिनची मात्रा वाढवली.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. तो पुन्हा आठवला तो येथून सात हजार किलोमीटर दूर, इंग्लंडातील एका डोंगरावर.

त्याआधी थोडे घरचे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, शिंदखेडा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. आठवडे बाजाराला सात मैल जायचे, सात मैल यायचे, डोक्यावर ओझे. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी. १९७२ च्या दुष्काळानंतर ताप्ती व्हॅलीच्या गाडीने ते उधन्याला उतरले ते कायमचेच. पहिली सायकल घेतली त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले होते. पुढे मुलगा डॉक्टर झाला, स्कूटर आली, मोटार आली. नानांच्या दृष्टीने आमच्या घराण्याची प्रगती म्हणजे पायांची उत्तरोत्तर सुटका. आपल्या समाजातील बहुतेक घरांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असावी.

भाषेतही तेच दिसते. पायपीट, वणवण, तंगडतोड – चालण्याचे आपले शब्द दुःखाचे आहेत. सुखाचे म्हणावेत तर फेरफटका आणि शतपावली, म्हणजे जेवण जिरेपर्यंतचे अंगणातले चालणे. लांब चालणे आनंदाचे झाले ते देवाच्या नावाने. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरीला निघते तेव्हा आपलाच माणूस शेकडो किलोमीटर हसत चालतो. पण देव नाही, बाजार नाही, काम नाही, आणि तरीही चालत सुटायचे, हे आमच्या खानदेशात वेडेपणाचे लक्षण. पुण्या-मुंबईकडील गिर्यारोहक मंडळी 'भटकंती' हा शब्द कौतुकाने वापरतात. आमच्याकडे 'भटक्या' ही शिवी आहे. गो. नी. दांडेकरांसारखा माणूस आयुष्यभर गडकिल्ले पायाखाली घालत राहिला, त्याची पुस्तके मी विद्यार्थिदशेत वाचली, आवडली, आणि खुर्चीतून न उठता मिटली.

प्रवासाची म्हणाल तर २०१२ साली आम्ही उभयतांनी एका सहल कंपनीबरोबर युरोप केला होता. १२ दिवसांत ७ देश. त्यातले आता इतकेच आठवते की बसच्या काचेतून फार सुंदर काहीतरी मागे जात होते आणि मार्गदर्शक जेवणाची वेळ सांगत होता. आल्प्स पर्वत पाहून आलो असे आम्ही सर्वांना सांगितले. वास्तविक आम्ही त्याची काच पाहून आलो होतो.

मग २०२३ च्या मे महिन्यात मुलीकडे शेफील्डला गेलो, दोन महिन्यांसाठी. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीत. पहिला आठवडा घरात बसून, दवाखान्यात फोन करून कंपाउंडरला छळण्यात गेला. रविवारी मुलगी म्हणाली, "पप्पा, बूट घाला, गाडी पकडायची आहे." अर्ध्या-पाऊण तासात आगगाडीने आम्हाला एडेल नावाच्या एका लहानशा खेड्यात उतरवले. पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या राष्ट्रीय उद्यानातले हे गाव. समोर हिरवी डोंगराची भिंत, आणि तिच्यावरून पलीकडच्या कॅसलटन गावी उतरायचे, असा बेत. सौ.चे गुडघे लक्षात घेऊन मी विरोध केला. सौ.ने साडीवर मुलीचे जाकीट चढवले, काठी हाती घेतली आणि माझ्याकडे न पाहता चालू लागली.

पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या समजुतीला धक्का बसला. पिवळ्या बाणाची पाटी दाखवत होती त्या दिशेने पायवाट सरळ एका शेतकऱ्याच्या अंगणात शिरत होती. मी थबकलो. परक्याच्या शेतात पाय टाकणे म्हणजे भांडणाला आमंत्रण, हे रक्तात भिनलेले. बांधावरून खून पडलेले मी लहानपणी ऐकले आहेत. तेवढ्यात शेतकरी स्वतःच गोठ्यातून बाहेर आला, हसून सुप्रभात म्हणाला आणि जाताना फाटक लावून घ्या, मेंढ्या बाहेर पडतात, एवढेच सांगून कामाला लागला. मुलीने मला नकाशा दाखवला. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा तो नकाशा, १ : २५,००० प्रमाणाचा, त्यात प्रत्येक शेताचा बांधसुद्धा दिसतो. सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. जमीन शेतकऱ्याची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क येणाऱ्या-जाणाऱ्याचा. तो शेतकऱ्याला अडवता येत नाही. हा हक्क इंग्रज नागरिकापुरताही नाही. डिंडोलीचा एक डॉक्टर आणि त्याची साडी नेसलेली बायको यांनाही तो तितकाच लागू.

चढ फारसा नव्हता, पण आम्हाला तो पुरेसा होता. रचलेल्या दगडांचे बांध, त्यांत कोठेही चुना-सिमेंट नाही. मेंढ्या. वारा. आमच्या मागून निघालेली ऐंशीच्या घरातली दोन जोडपी आम्हाला मागे टाकून गेली, हे येथे नमूद करतो. लपवून उपयोग नाही. हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत पोहोचलो तेव्हा दोन्ही बाजूंची खोरी एकदम उघडली. सौ. गवतावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईचं बोट धरून गडावर जायचे चैत्रात. त्यानंतर आजच चालले." आमच्या लग्नाला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती. तेवढ्या वर्षांत मी तिला सिनेमाला नेले, हॉटेलात नेले, सात देशांत नेले. चालायला नेले नव्हते.

त्याच खिंडीबद्दल जावयाने सांगितलेली माहिती मला फार महत्त्वाची वाटते. एडेलमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणी निघाली. पलीकडच्या कॅसलटनच्या बायका त्या गिरणीत कामाला येत, आणि त्या रोज हीच खिंड ओलांडून येत. एडेलला चर्च नव्हते तेव्हा मृतदेहही याच वाटेने खांद्यावरून पलीकडे नेत. म्हणजे आज जेथे लोक सुटीचा आनंद लुटतात ती वाट मुळात कष्टाची आणि शोकाची, आमच्या नानांच्या बाजाराच्या वाटेसारखीच. फरक इतकाच की त्यांनी ती पुसू दिली नाही.

तीही सुखासुखी टिकली नाही. तीन आठवड्यांनंतर आम्ही किंडर स्काउटच्या पठारावर चढलो. उंची अवघी ६३६ मीटर. आपले सापुतारा याहून उंच. पण त्या देशाच्या इतिहासात या टेकाडाला मोठे स्थान आहे. सर्वसामान्यांनी वापरायच्या मोकळ्या जमिनी जमीनदारांनी शतकानुशतके कुंपणात घातल्या होत्या. किंडरवर बड्या लोकांच्या शिकारीसाठी पक्षी राखलेले, आणि पहारेकरी काठ्या घेऊन उभे. खाली मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर धूर खाणाऱ्या कामगारांना रविवारी त्या डोंगरावर पाय ठेवायची बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार बंदी मोडून वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन मँचेस्टरचा, पुरता एकवीस वर्षांचाही नव्हता. पहारेकऱ्यांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा झाला. १९५१ साली पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते हेच पीक डिस्ट्रिक्ट. आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर-माळावर मोकळेपणी फिरण्याचा हक्क मिळाला. अर्थात तेथे सर्व काही आबादीआबाद आहे असे नाही. हा शेवटचा हक्क इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के भूमीला लागू आहे आणि त्यासाठी तेथे आजही वाद चालू आहेत. स्कॉटलंडने २००३ साली त्याहून पुष्कळ पुढचे पाऊल टाकले.

१९३२ हे वर्ष ऐकून माझ्या डोक्यात दुसरे वर्ष घोळू लागले. १९३०. कापडाच्या गिरण्यांचे मँचेस्टर आणि कापडाच्या लूमची सुरत. आणि बंदी मोडण्यासाठी चालत निघालेली माणसे. मुलीच्या घरी परतल्यावर मी दांडीयात्रेचे मुक्काम काढून पाहिले. साबरमतीहून १२ मार्चला निघालेली ती यात्रा १ एप्रिलला सुरतेत आली. २ एप्रिलचा पहिला थांबा: डिंडोली. तेथून वांझ, मग धामण, नवसारी, आणि ५ एप्रिलला दांडी. तीस वर्षे ज्या गावात मी लोकांना चालायला सांगत आलो, त्या गावावरून जगाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध पदयात्रा गेली होती, आणि मला त्याचे भान शेफील्डमध्ये आले! साठी पूर्ण केलेले गांधीजी, बरोबर ७८ सहकारी, २४० मैल, दिवसाला सरासरी दहा मैल. त्यांच्यात भजने गाणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आपले मराठी गवई होते, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मराठी माणूस डिंडोलीतून गात चालला होता, आपण येथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी.

आणखी एक नाव या ओघात घेतलेच पाहिजे. काका कालेलकर. साताऱ्यात १८८५ साली जन्मलेला हा मराठी माणूस १९१२ साली हिमालयात पायी हिंडला आणि त्या भ्रमंतीवरचे 'हिमालयनो प्रवास' हे पुस्तक त्याने गुजरातीत लिहिले. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. गुजरातेत येऊन राहिलेल्या मराठी माणसाने या भूमीला काय द्यावे, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आपल्या मुलांच्या गुजराती पाठ्यपुस्तकांत त्यांचे लेखन भेटते. ते मराठी होते हे मात्र घरी कोणी सांगत नाही.

आता व्यवसायबंधूंसाठी थोडे शास्त्र, कारण नुसत्या भावनेवर आपण डॉक्टर मंडळी विश्वास ठेवत नाही. चालण्याचे वैद्यकीय महत्त्व प्रथम ठोसपणे दाखवले ते जेरी मॉरिस यांनी, १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये. लंडनच्या दुमजली बसमधील बसून असणारे ड्रायव्हर आणि दिवसभर जिने चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना केली, तर कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण आपल्या नर्सिंग होमच्या खिडक्या कोठे उघडतात हे एकदा पाहायला हरकत नाही. दहा हजार पावलांचे जे वेड आहे ते तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आले. २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण ४१ टक्के कमी आढळले, आणि ७,५०० नंतर अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे माझ्या त्या रुग्ण भगिनीला फार थोडे हवे होते. गल्लीतून निघून मोकळ्या हवेत अर्धा तास.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरचे डॉक्टर २०१८ पासून रुग्णांना निसर्गाची चिठ्ठी देतात, सोबत कोणत्या महिन्यात कोठे जावे, काय पाहावे याची पत्रिका. हे वाचून माझी मान खाली गेली. 'कोठे' हे त्यांनी लिहून दिले होते.

आपल्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा आक्षेप आले, आणि ते खोटे नव्हते. एप्रिल-मेमध्ये सुरतेचे ऊन, पावसाळ्यात चिखल, बारा तासांच्या पाळीनंतर कोण चालणार? शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. लूमवरचा कारागीर मशिनींच्या रांगांमधून पाळीभर चालतच असतो. त्याच्या पिंडऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्याला चाल म्हणणे ही थट्टा आहे. त्याला हवी आहे ती आठवड्याची पूर्ण सुटी आणि ती घालवायला झाडाखालची जागा. एका स्नेह्यांनी ट्रेडमिलचा पर्याय सुचवला. ट्रेडमिल प्रथम कोठे आले ते त्यांना ठाऊक नसावे. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने ते तुरुंगातल्या कैद्यांसाठी बनवले, शिक्षा म्हणून.

खरा आक्षेप वेगळाच होता, आणि तो कोणी मोठ्याने बोलले नाही. मोटार असलेला डॉक्टर पायी दिसला तर लोक काय म्हणतील? मी स्वतः त्यातून गेलो आहे. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पहाटे डिंडोलीच्या तलावाकडे निघालो, तर वाटेत तीन ओळखीच्या माणसांनी गाडी थांबवून विचारले, "डॉक्टरसाहेब, कथा चालनात? गाडी बिघडनी का?" नुसताच चालतो आहे, असे सांगितल्यावर एकाने काळजीने चेहरा न्याहाळला. माझे स्पष्ट मत असे की, आपल्या समाजात चालण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम औषधाच्या चिठ्ठीने होणार नाही. डॉक्टर रस्त्यावर दिसला पाहिजे. ज्याला सगळे गरीब समजणार नाहीत अशा माणसाने आधी चालावे लागते.

सौंदर्याची आपल्याकडे वाण आहे काय? मुळीच नाही. सुरतेपासून काही तासांवर डांगचे जंगल आहे, पूर्णा नदीच्या खोऱ्यातले महालचे सागवान आहे, वघईचे वनस्पती उद्यान आहे. आपल्या नंदुरबारच्या मंडळींचे तोरणमाळ आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही उभयता यांतील बहुतेक ठिकाणी पायी हिंडलो आणि मला वाटते, पीक डिस्ट्रिक्टने मान तुकवावी असे रान तेथे आहे. परदेशात मला निसर्ग गवसला नाही. मला तेथे वाट गवसली. घराच्या दारातून निघणारी, नकाशावर छापलेली, बाईमाणसाने निर्धास्त चालावी अशी.

अशा वाटा आपल्याकडेही कागदावर आहेतच. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत, कलम १४३ मध्ये, शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा मुंबई इलाख्याचा, तो दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला. त्यात अडवलेला रस्ता मोकळा करून घेण्याची तरतूद आहे. पण हे सारे शेताला जाण्यासाठी. शेत गेले, प्लॉट पडले की गाडवाट नकाशातून नाहीशी होते. डिंडोलीहून वांझकडे जाणारी जुनी वाट नेमकी कोठून जात होती, हे पाहायला मी एका कचेरीत गेलो होतो. तेथील कारकून सौजन्याने वागले, चहा पाजला, आणि तीन वेळा विचारले, "साहेब, जमीन कोणत्या नंबरात घ्यायची आहे?"

अखेर नकाशावाचूनच निघालो. गेल्या वर्षी २ एप्रिलला पहाटे साडेपाचला माझ्या दवाखान्यासमोर एकोणीस माणसे जमली. चार डॉक्टर, एक निवृत्त शिक्षक, आणि बाकी सर्व स्त्रिया. त्यांतील बहुतेकींना सौ.ने घरोघर जाऊन तयार केले होते. मी बोलावले असते तर आल्या नसत्या. खरवाशाच्या बाजूने निघालो. पहिले दोन किलोमीटर मोटारींच्या धुळीत, एकामागे एक, जीव मुठीत धरून. त्यानंतर ऊस लागला, आंब्याच्या वाड्या लागल्या, एका पाटाशी बगळे उभे होते आणि बायकांचे आवाज मोठे झाले. एकीने पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या. वांझपर्यंत सर्व जण पोहोचले नाहीत. ऊन चढल्यावर सात जणींना रिक्षाने परत पाठवले, त्यात एक डॉक्टरही होते.

पारोळ्याची ती भगिनी आमच्यात नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. जखम शिवली नाही तोवर मीच ड्रेसिंग करत होतो. पण तिची सून आली होती. वांझला पोहोचल्यावर तिने सासूला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून तिने पहिला प्रश्न विचारला, "सावली आहे का हो तठे?" मी म्हणालो, आहे, चिंचेची. मग ती म्हणाली की पुढच्या खेपेला तिला रिक्षाने तरी तेवढ्या झाडापर्यंत न्यावे, पुढचे ती बघेल.

यंदाही २ एप्रिलला साडेपाच वाजता दवाखान्यासमोरून निघायचे आहे. रिक्षा एक सांगून ठेवली आहे. सभासदांनी पाण्याची बाटली स्वतःची आणावी.